वर्ध्याच्या उन्हातला चिल्ला

शाळेचे निकाल वाटून झाले आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी बडनेऱ्याहून वर्ध्याच्या गाडीत बसले. धाकट्या बहिणीच्या मुलीला चार दिवसांपूर्वी मुलगा झाला होता, अल्हमदुलिल्लाह. पिशवीत खजूर, खारीक, गोंद, सुंठ आणि जुन्या मऊ ओढण्या फाडून शिवलेले दोन डझन लंगोट होते. खालाकडून आणखी काय जायचे?

डब्यात शेजारच्या बाईंनी लंगोटाची पिशवी पाहिली आणि विचारले, "कोण बाळंतीण आहे?" झाले! धामणगाव येईपर्यंत सहा बायकांनी मिळून माझ्या भाचीचे सगळे बाळंतपण ठरवून टाकले. एकीने केळी बंद केली, दुसरीने केळ्यानेच दूध येते असे सांगितले. वांगे, दही, ताक, लिंबू बाद झाले. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायचे, नाकात तेल सोडायचे, टाळू भरायची. मी माना डोलावत होते. वर्गात मुले माझ्यापुढे अशाच माना डोलावतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चाललेले असते ते त्या दिवशी कळले.

खिडकीजवळ एक तरुण मुलगी मांडीवर सहा-सात महिन्यांचे बाळ घेऊन बसली होती. ती एवढा वेळ काही बोलली नव्हती. पुलगावच्या अलीकडे गाडी वर्धा नदीवर आली. पात्रात वाळूच वाळू आणि मधून पाण्याची एक बारीक धार. तेव्हा तिने मला हळूच विचारले, "तिला झोपू देतात का हो?"

इतक्या सल्ल्यांत हा एकच प्रश्न होता.

वर्ध्यात उतरले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. नवतपा सुरू व्हायला दोन दिवस होते, पण उन्हाला ते कोणी सांगितले नसावे. पारा पंचेचाळीसच्या पुढे. ज्यांनी विदर्भातला मे पाहिलेला नाही त्यांना एवढेच सांगते की, इथे दुपारी दाराची कडी हातात धरवत नाही.

बहिणीच्या घरी मधल्या खोलीत भाची निजली होती. खोलीची खिडकी बंद, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद, पंखासुद्धा बंद. भाचीच्या कानांना रुमाल बांधलेला. बाळाला लोकरीचे टोपडे, पायात मोजे आणि वरून दुपटे. उशाशी स्टीलचा छोटा पेला, त्यात अर्धा पेला कोमट पाणी. ते दुपारभर पुरवायचे होते, कारण बाळंतिणीने पाणी जास्त प्यायले तर पोट सुटते, अंग सुजते. भाचीचा गाऊन घामाने चिंब झाला होता. मला पाहिले आणि "खाला" म्हणून ती रडायलाच लागली.

बहीण मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "बाजी, दूधच पुरत नाही तिचे. पोरगा रात्रभर रडतो. समधन म्हणतात, डबा आणू या."

समधन, म्हणजे बहिणीच्या विहीणबाई, हिंगणघाटहून आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, पाच मुले वाढवलेल्या. बाळाचा कान, बाळाची टाळू, सुनेचे पाय, सगळ्यांकडे त्यांचे लक्ष. सुनेचे तळपाय त्या रोज तासभर चोळत होत्या. हरीरा त्याच करत होत्या, तुपात बदाम, सुंठ, गोंद घालून. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून कोणी त्यांना खाष्ट सासू समजेल. त्या तशा नव्हत्या. वाचक भगिनींनो, अडचण तीच तर असते. वाईट माणसाचा सल्ला टाळता येतो, मायेने हरीरा पाजणाऱ्या बाईचा कसा टाळायचा?

डबा आला होताच. ओट्यावर ठेवलेला. मी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. पूर्वी अशा डब्यांवर गुटगुटीत बाळाचे चित्र असायचे. आता नसते. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला, त्याने बाळाच्या पावडर दुधाची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला आणि डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला बंदी आली. आईचे दूध सर्वांत उत्तम असे त्यावर छापावेच लागते. या कामात पुढे असलेल्या संघटनांपैकी एक, स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारे 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया', ३ डिसेंबर १९९१ रोजी याच वर्ध्यात स्थापन झाले. वर्ध्याचे नाव निघाले की आपल्याला गांधीजी आठवतात, हिंदी विश्वविद्यालय आठवते. ही गोष्ट मलाही कितीतरी वर्षे माहीत नव्हती.

डबा हातात घेतला आणि मला वीस वर्षांपूर्वीचा आमच्या घरातला डबा आठवला.

माझा पहिला मुलगा पाच दिवसांचा असताना मलाही हेच सांगितले गेले होते. तुझे दूध पातळ आहे, पुरत नाही. सांगणाऱ्या सगळ्या आयाच होत्या, आणि मी बी.एड. झालेली, बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले गुण मिळवलेली. पण तेव्हा मला दुखत होते, झोप नव्हती, आणि बाळ रडले की वाटायचे, खरेच मी त्याला उपाशी ठेवते आहे. बाटली सुरू केली. बाटलीने पोट भरले म्हणून बाळ अंगावर कमी ओढू लागले, ओढणे कमी झाले म्हणून दूध कमी झाले. म्हणजे त्यांचे म्हणणे आता खरे ठरले! दीड महिन्याचा असताना त्याला हगवण लागली. नऊ दिवस आम्ही दवाखान्यात होतो. त्याच्या डोक्यावरचे केस काढून तिथल्या शिरेत सुई लावली होती. अल्लाहने त्याला वाचवले. तो आज माझ्यापेक्षा हातभर उंच आहे, पण ती सुई मला अजून दिसते. त्या नऊ दिवसांत सल्ला देणाऱ्या बायकांपैकी कोणी वाईट नव्हत्या, डबेही घेऊन येत होत्या. फक्त मी बाळाला पाजते कशी, हे बसून पाहायला कोणाला सुचले नव्हते.

म्हणून मी ओट्यावरचा डबा फडताळात वर ठेवला आणि म्हटले, उद्या सकाळपर्यंत थांबू. बाळ जरा पिवळे दिसते आहे, उद्या सेवाग्रामला दाखवायचेच आहे.

सकाळी सातलाच ऑटो केला. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. बाळंतपण तिथल्याच कस्तुरबा रुग्णालयात झाले होते. हे रुग्णालय डॉ. सुशीला नायर यांचे. त्या गांधीजींच्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री. १९६९ साली त्यांनी इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. इथे डॉक्टर व्हायला आलेल्या मुलांना सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात राहावे लागते आणि प्रत्येक तुकडीला एक खेडे दत्तक दिले जाते. डॉक्टर होणाऱ्या मुलाने बाळंतिणीची खोली आधी पाहावी, मग पुस्तक, असा हा हिशेब असावा. मला तो पटतो.

बाळाचे वजन केले. जन्मापेक्षा थोडे कमी भरले. बहिणीचा चेहरा उतरला. डॉक्टर मुलगी म्हणाली, पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच, दहाव्या-चौदाव्या दिवसापर्यंत भरून येते. कावीळीसाठी रक्त घेतले. मग तिने विचारले, "दिवसातून लंगोट किती वेळा ओला होतो?"

आम्ही तिघीही गप्प. बाळ किती वेळा रडले ते सांगता आले असते, लंगोट कोणी मोजले होते?

ती म्हणाली, पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि पुढच्या तपासणीत वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे, बाळ कितीही रडो. पण बाळ सुस्त पडले, ओढेनासे झाले, अंग गरम किंवा गार लागले, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर घरी कोणाचा सल्ला घेत बसू नका, लगेच आणा.

निकाल यायला वेळ होता. बाहेर व्हरांड्यात सावलीला बसलो. भाचीने पदराआड बाळाला घेतले आणि ओठ चावले. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. तिने हे घरी कोणाला सांगितले नव्हते. शेजारी खेड्यातली एक बाई बसली होती, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे, मांडीवर तिसरे मूल. तिने बराच वेळ पाहिले आणि सरकून जवळ आली.

"बाई, पोराचं तोंड पयले मोठं उघडू दे, मंग लाव. अन् तू नको वाकू, त्याले तुयाकडे आण."

तिने भाचीच्या पाठीशी भिंत दिली, बाळाचे पोट तिच्या पोटाला लावले, हनुवटी छातीला टेकवली आणि थांबली. बाळाने आ केला तसे झटक्यात जवळ घेतले. भाचीचे खांदे खाली आले. बाळ नुसते चोखत नव्हते, गिळत होते. गिळण्याचा बारीक आवाज मलासुद्धा ऐकू आला. वीस वर्षांपूर्वी माझ्या शेजारी कोणी असे सरकून बसले असते तर! ती बाई कोणत्या गावची, तिचे नाव काय, काहीच विचारायचे राहिले. तिच्या घरचा नंबर पुकारला गेला आणि ती उठून गेली.

नंतर भाची बाळासह भिंतीला टेकून झोपली. बहीण तिच्याजवळ थांबली आणि मी तासभर आश्रमात जाऊन आले. इतक्या जवळ येऊन न जाणे शिक्षिकेला शोभले नसते. आम्ही बी.एड.ला 'वर्धा योजना' पाठ केलेली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसैन यांच्या अध्यक्षतेखाली नई तालीमचा आराखडा झाला. पुढे १९४५ मध्ये सेवाग्रामला ही तालीम सात वर्षांच्या मुलापासून मागे नेत जन्मापर्यंत आणि पुढे मरणापर्यंत वाढवली गेली. तेव्हा परीक्षेत 'टिपा लिहा' म्हणून लिहिलेले वाक्य त्या दिवशी मला पहिल्यांदा समजले. जन्मापासूनची तालीम म्हणजे बाळाची नव्हे, आधी आईची.

मातीच्या भिंती, कवेलू, आत गारवा. बापू कुटीसमोर गर्दी होती. मी बा कुटीपाशी जास्त वेळ उभी राहिले. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की, डॉ. त्रिभुवनदास यांचे 'माने शिखामण' म्हणजे 'आईला शिकवण' हे गुजराती पुस्तक त्यांनी वाचले आणि आफ्रिकेत झालेल्या दोन मुलांचे संगोपन त्याप्रमाणे केले. धाकट्या देवदासच्या वेळी कळा अचानक सुरू झाल्या, डॉक्टर-सुईण वेळेवर मिळेनात, तेव्हा बाळंतपणही त्यांनी स्वतःच केले. हे १९०० साल. नवऱ्याने पुस्तक वाचून बायकोचे बाळंतपण करणे, आजही किती घरांत होईल? धन्य आहे. पण त्या छोट्या खोलीपुढे उभी असताना माझ्या मनात आले, आईला द्यायची शिकवण बापूंनी वाचली. बांनी या सगळ्याबद्दल काय म्हटले असेल ते कोणी लिहून ठेवले असते तर मी ते आधी वाचले असते.

परत आले तर कावीळ काळजीची नव्हती. नर्सबाईंनी निघताना बजावले, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको.

आता खरी परीक्षा घरी होती. पाणी नको हे समधनना सांगायचे, आणि तेही वर्ध्याच्या नवतप्यात.

"या उन्हात? आपल्या घशाला कोरड पडते, त्या एवढ्याशा जिवाला तहान नाही?" समधन म्हणाल्या. प्रश्न रास्त होता. आईच्या दुधात शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, हे मी सांगितले. सुरुवातीला येणारे दूध पातळ असते, तेच बाळाचे पाणी. उन्हात त्याला जास्त वेळा घ्यायचे. त्या ऐकत होत्या, पण पटत नव्हते. चिकाच्या दुधाचेही असेच झाले होते म्हणे. पिवळे दूध टाकून द्या म्हणून त्यांनी सांगितले होते, भाचीने दवाखान्यातल्या नर्सचे ऐकून पाजले. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाटीवाटीने मागून खातो आणि आईचा चीक टाकतो! मधाचेही तसेच. जावईबापूंनी तहनीक केली, पण डॉक्टरांना विचारून, खजुराचा अगदी पुसट बोटभर अंश. मध मात्र वर्षाच्या आत नाही. मधातून तान्ह्या बाळाला एक गंभीर आजार होऊ शकतो, मोठ्यांना तो मध बाधत नाही. घरात शुद्ध मधाची बाटली उशाशी ठेवण्याची आपली सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

बाळाचे पाणी एक वेळ सुटले असते. भाचीच्या पाण्याचे काय? तिचा अर्धा पेला तसाच होता.

असरनंतर बहीण नेहमीप्रमाणे कुरआन घेऊन बसली. सुनेजवळ बसून सूरह मरयम वाचावी असे समधननीच सुचवले होते. बहिणीने अर्थही वाचला. हजरत मरयम (अलै.) एकट्या, खजुराच्या बुंध्याशी, कळांनी इतक्या बेजार की मरणाची इच्छा करतात. तेव्हा हाक येते. पहिली गोष्ट, दुःख करू नकोस. मग, तुझ्या पायाखाली झरा वाहतो आहे. मग, बुंधा हलव, ताजे खजूर पडतील. खा, पी, डोळे निववून घे. आणि लोक भेटले तर आज तू कोणाशी बोलणार नाहीस, तसा इशारा कर.

मी काही बोलले नाही. समधनच म्हणाल्या, "झरा दिला अल्लाहने त्यांना." थोड्या वेळाने पुन्हा, "अर्धा पेला नाही दिला."

मग मी विचारले, "आपा, तुमच्या पहिल्या वेळी काय झाले होते?"

पहिले मूल पाचांत धरलेले नव्हते. मुलगी होती. उन्हाळ्यातलीच. वीस दिवसांची होऊन गेली. समधन तेव्हा अठराच्या. तहान सहन होईना म्हणून त्या एका दुपारी गुपचूप माठातले गार पाणी पोटभर प्यायल्या होत्या आणि ओसरीच्या वाऱ्यात झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाळाला ताप. घरातल्या बायका म्हणाल्या, तू पाणी प्यायलीस, तुझ्या दुधातून गारवा उतरला. चाळीस-बेचाळीस वर्षे त्या हे बाळगून होत्या. पुढच्या पाचही बाळंतपणांत त्यांनी स्वतःला कोंडून घेतले, आणि आता सुनेला कोंडत होत्या.

"मग पाण्याने नाही होत?" त्यांनी मला विचारले. एखाद्या लहान मुलीने विचारावे तसे.

"नाही होत, आपा. तुमच्याने काही झालेले नाही."

त्या उठल्या, वुजू करायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्यावर त्यांनी खिडकी उघडली. कूलर मात्र त्या रात्री सुरू झाला नाही, दुसऱ्या दिवशी झाला, झोत भिंतीकडे वळवून. टोपडे निघाले. मोजे आणखी दोन दिवस राहिले. चालायचेच.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. वजन केले, नाळ पाहिली, नाळेला काही लावू नका म्हणाल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, असे त्यांच्या भेटींचे दिवस ठरलेले. ही पद्धत गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून देशभर गेली. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली, तर तिथले नवजात बाळांचे मरण निम्म्याहून कमी झाले, हे त्यांनी १९९९ मध्ये जगापुढे मांडले. डॉ. अभय बंग लहानपणी याच वर्ध्या-सेवाग्रामच्या मातीत वाढले. बेचाळीस दिवस ऐकून समधन खूश झाल्या. "आमचा चिल्ला चाळीसचा, सरकारचा दोन दिवस जास्त!" त्यांचेही खरेच आहे. चाळीस दिवस बाईला चुलीपासून, पाहुण्यांपासून दूर ठेवायचे, तेल-मालिश, भरपूर खाणे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण कोणत्या डॉक्टरने खोटी ठरवली आहे? उलट आजकालच्या मुली आठव्या दिवशी मोबाइलवर ऑफिसचे काम करताना मी पाहिल्या आहेत. आणि चाळीस दिवस सतत रडू येत असेल, बाळाकडे पाहावेसेच वाटत नसेल, तर तेही अंगातल्या तापासारखे डॉक्टरला सांगायचे दुखणे आहे, नखरे नव्हेत. घरातल्या मोठ्या बाईने ते आधी ओळखावे.

निघायच्या आदल्या दिवशी मी भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीने पेन्सिल बांधली. लंगोट ओला झाला की त्या तारखेच्या चौकोनात एक रेघ. समधनना लिहिता-वाचता येत नाही, पण रेघ ओढता येते. हे काम त्यांनी कोणालाच करू दिले नाही.

परतीच्या गाडीत मी पुलगाव ओलांडत होते तेव्हा बहिणीचा फोन आला. मागून समधनचा आवाज येत होता, "सांग खालाला, कालच्या घरात आठ रेघा! आणि सुनेने सकाळपासून दोन तांबे पाणी प्यायले."